कायद्याने शेजारी

स्पॅनिश भाषेत 'बेथीनो' असा एक शब्द आहे. अर्थ अगदी सरळ, शेजारी. जिन्यात भेटतो तो बेथीनो, वरच्या मजल्यावर रात्री बारा वाजता खुर्च्या सरकवतो तोही बेथीनो. पण हाच शब्द इथल्या कायद्यातही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या १९८५ च्या कायद्यात म्हटलंय की ज्याचं नाव गावच्या 'पाद्रोन'मध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत आहे, तो त्या गावचा बेथीनो. देश कुठला, पगार किती, व्हिसा आहे की संपला, यातल्या कशाचीही अट नाही. अमुक पत्त्यावर राहता ना? मग तुम्ही शेजारी.

मला हा शब्द फार आवडतो. 'रहिवासी' म्हटलं की रेशनकार्ड आठवतं, 'परदेशी नागरिक' म्हटलं की विमानतळावरची रांग. 'शेजारी' म्हटलं की वाटीभर साखर आठवते. कायदा लिहिणाऱ्या माणसाला हा शब्द सुचावा याचं मला अजून कौतुक वाटतं.

तर गेली १५ वर्षं मी माद्रिदची कायदेशीर शेजारीण आहे. या शेजारपणात बरीच गंमत आहे आणि एक काटाही आहे. गंमत आधी सांगते.

पुण्याहून आलेल्या माणसाला स्पेनमध्ये फारसं परकं वाटत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुपारी दुकान बंद ठेवणं हा दुकानदाराचा जन्मसिद्ध हक्क आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे एक ते चार, इथे दोन ते पाच. माद्रिदच्या मोठ्या दुकानांनी ही प्रथा कधीच मोडली, पण माझा चपला शिवणारा आणि कोपऱ्यावरचा खिळे-स्क्रूवाला अजून खिंड लढवतायत. 'मग तुम्ही सगळे दुपारी झोपता ना?' असं घरचे दर फोनला विचारतात. कोणी झोपत नाही हो! दोन-अडीचला जेवायचं, सात-साडेसातला ऑफिसातून निघायचं आणि रात्री साडेनऊ-दहाला पुन्हा जेवायचं. यात झोपायला वेळ कुठला?

याचं खापर इथले लोक घड्याळावर फोडतात. नकाशा काढून बघा. स्पेन ब्रिटनच्या बरोबर खाली आहे, म्हणजे वेळ खरं तर लंडनची हवी. पण मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे नेऊन बर्लिनच्या वेळेशी जुळवली. त्या आदेशात लिहिलं होतं की नेहमीची वेळ पुन्हा कधी लावायची ते यथावकाश कळवण्यात येईल. अजून कळवलेलं नाही. २०१३ मध्ये संसदेच्या एका समितीने 'बाबांनो, घड्याळ मागे घ्या' अशी शिफारस केली, तीही फायलीत गेली. एक अख्खा देश ऐंशीहून जास्त वर्षं 'यथावकाश'वर चाललाय. रस्ता एकदा खणल्यावर तो कधी बुजवणार हे ज्यांना महापालिकेने यथावकाश कळवलेलं आहे, त्या आपल्यासारख्यांना यात नवल ते काय वाटणार?

दुसरी गंमत भाषेची. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. मी आदराने 'उस्तेद' म्हणायला गेले (म्हणजे 'तुम्ही'), तर त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर करून थांबवलं. उस्तेद म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं. आणि योगायोग असा की स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच! आता परक्या म्हाताऱ्या बाईला मराठी जीभ 'तू' कशी म्हणणार? पण मग लक्षात आलं, आपण आईला तू म्हणतो, आजीला म्हणतो, विठोबाला तर म्हणतोच म्हणतो. मी त्यांना मनातल्या मनात आजी करून टाकलं आणि प्रश्न सुटला.

तिसरी गंमत आडनावाची. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. आईचं आडनाव मुलांच्या नावात राहतं, आणि गेल्या काही वर्षांत ते पहिलंही लावता येतं. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. फॉर्मवर 'दुसरं आडनाव' असा रकाना आला की खिडकीपलीकडची बाई माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. बऱ्याचदा तिथे एक आडवी रेघ येते. मात्र काही वेबसाईट रेघ घेत नाहीत, रकाना भरल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाहीत. एका सुपरमार्केटच्या कार्डासाठी मी शेवटी तिथे आईचं माहेरचं आडनाव घातलं. आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "पन्नास वर्षांनी कुठेतरी लागलं म्हणायचं माझं नाव, किराणा दुकानात का होईना."

आता मुख्य गंमत, सोसायटीची मीटिंग. आपल्याला वाटतं की हाउसिंग सोसायटी ही मराठी माणसाने जगाला दिलेली देणगी आहे. चूक! स्पेनमध्ये १९६० पासून फ्लॅटमालकांच्या संघाचा कायदा आहे आणि त्यातली सभा आपल्या सभेची सख्खी बहीण शोभेल. नोटीस लागते, 'पहिली सभा सात वाजता, दुसरी सभा साडेसात वाजता'. सातला कोणीही येत नाही, येणं अपेक्षितही नाही. साडेसातला जे असतील तेवढ्यात काम सुरू. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी... आठवलं ना? शेवटचा विषय असतो 'विनंत्या आणि प्रश्न', म्हणजे आपले अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. खरी सभा तिथूनच सुरू होते. या विषयावर इथे २००३ पासून एक टीव्ही मालिका तीन वर्षं चालली आणि अफाट गाजली. स्पॅनिश शिकायला मला क्लासपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला, कारण भांडण कुठल्याही भाषेत आधी समजतं.

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती सात पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी लिफ्ट, आणि लिफ्टसाठी पायऱ्या. ती जमिनीपर्यंत आणायची यावर तीन वर्षं चर्चा झाली. तळमजल्यावरच्या मालकांचं म्हणणं, मी लिफ्ट वापरतच नाही, मी का पैसे देऊ? हे वाक्य मी सिंहगड रोडला मराठीत ऐकलेलं होतं, तेव्हा भाषांतराची गरज पडली नाही. शेवटी सगळ्यांवर जादा वर्गणी बसली. तिला इथे 'देर्रामा' म्हणतात आणि ऐकताना 'ड्रामा'च वाटतं, जो झालाही. लिफ्ट खाली आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज दोनदा विनाकारण खाली उतरून वर जाऊ लागल्या.

हे सगळं सांगायचं कारण, या सभेचं अध्यक्षपद बऱ्याचदा निवडणुकीने नाही तर पाळीने किंवा चिठ्ठीने येतं. कोणालाच नको असतं ना! आणि कायदा म्हणतो की नाही म्हणता येणार नाही, फारच अडचण असेल तर एका महिन्यात न्यायाधीशाकडे अर्ज करा. दोन वर्षांपूर्वी पाळी माझ्यावर आली. अध्यक्ष हा इमारतीचा कायदेशीर प्रतिनिधी असतो, कोर्टात आणि कोर्टाबाहेर. तर वर्षभर मी १८ घरांच्या वतीने सह्या केल्या, लिफ्टवाल्याशी भांडले, आणि कचऱ्याचे डबे कुठे ठेवायचे यावर नगरपालिकेला पत्रं लिहिली. सगळ्या स्पॅनिश घरांची प्रतिनिधी मी एक भारतीय बाई, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मला इथलं खरंच आवडतं.

पण ज्या नगरपालिकेला मी पत्रं लिहिली, ती निवडण्यात मला मत नाही. हा तो काटा.

इथली नगरपालिका कशी चालते ते थोडक्यात सांगते, कारण त्यातही मजा आहे. मेयरला 'आल्काल्दे' म्हणतात. मूळ शब्द अरबी, अल-कादी, म्हणजे आपला काजी! राजे गेले, हुकूमशहा गेला, काजी मात्र अजून खुर्चीत. माद्रिदमध्ये ५७ नगरसेवक असतात आणि मेयरला जनता थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात. मत पक्षाच्या यादीला द्यायचं, यादी बंद. कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली ते पक्ष ठरवणार. त्यामुळे 'आमच्या वॉर्डाचा नगरसेवक' ही कल्पनाच नाही. शहरात २१ जिल्हे आहेत आणि प्रत्येकाचा कारभारी मेयर नेमतो. चौकात फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला, वाढदिवसाला केक कापणारा आणि वेळ आली तर कॉलर धरता येईल असा आपला नगरसेवक इथे नाही. फ्लेक्स नाहीत याचा आनंद आहे, पण कॉलरही नाही याचं वाईट वाटतं.

आता हिशोब बघा. २०१५ मध्ये सगळ्यात जास्त जागा (२१) एका पक्षाला, मेयर झाल्या २० जागांवाल्या मानुएला कार्मेना. २०१९ मध्ये सगळ्यात जास्त जागा (१९) कार्मेनांना, मेयर झाले १५ जागांवाले मार्तीनेथ-आल्मेइदा. पहिला नंबर आला की खुर्ची गेली, असं लागोपाठ दोनदा. शेवटी २०२३ मध्ये आल्मेइदांनी २९ जागा घेतल्या, निम्म्याहून अर्धी जास्त, आणि गणित संपवलं. आघाड्या, पाठिंबा, रात्रीच्या बैठका... महाराष्ट्राच्या माणसाला इथल्या बातम्या समजायला शब्दकोश लागत नाही.

मतदान मात्र बघण्यासारखं असतं. रविवारी, शाळेत, आपल्यासारखंच. पण मशीन नाही, शाई नाही. टेबलावर पक्षांच्या कागदी याद्यांचे गठ्ठे, हवी ती उचलायची, पाकिटात घालायची, पाकीट पेटीत. बरेच लोक पाकीट घरूनच तयार करून आणतात, कारण पक्ष प्रचारात यादी आणि पाकीट घरी पाठवतात. मतदान केंद्रावर सरकारी नोकर नाहीत, चिठ्ठीने काढलेले साधे मतदार बसतात. आजींच्या नातीचं नाव निघालं होतं, तर घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. आणि मतमोजणी त्याच रात्री, त्याच खोलीत, सगळ्यांसमोर. मोजणी सार्वजनिक असते, कोणीही बघू शकतं. म्हणून २८ मे २०२३ च्या रात्री मी कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन उभी राहिले. अध्यक्ष एकेक पाकीट उघडून पक्षाचं नाव मोठ्याने वाचत होता, हौजीचे आकडे वाचावेत तसं. काही पाकिटात काहीच नव्हतं. काही लोक म्हणे त्यात चोरिथो सॉसेजची चकती घालतात, कारण बोलीभाषेत चोरिथो म्हणजे चोर. (ध्वनिसाम्य आपण शोधलेलं नाही, पण मराठी कानाला किती बरं वाटतं!) २०११ साली महापालिका निवडणुकीच्या आधी आठवडाभर पुएर्ता देल सोल चौकात तरुण पोरं तंबू ठोकून बसली होती, तेव्हा त्यांची एक घोषणा अशी की इतक्या चोरिथोंना पुरेल एवढा पाव नाही.

तर मोजणी मी बघू शकते. मत देऊ शकत नाही.

नियम असा. युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशाचा माणूस इथे राहत असेल तर नगरपालिकेला मत देऊ शकतो. त्यासाठी १९९२ मध्ये स्पेनने आपल्या राज्यघटनेत पहिली दुरुस्ती केली. फक्त दोन शब्द घातले, आणि परदेशी माणसाला मत देण्याबरोबर उमेदवार म्हणून उभं राहण्याचीही वाट मोकळी झाली. बाकीच्या देशांसाठी परस्परतेची अट. तुमचा देश तिथल्या स्पॅनिश माणसाला स्थानिक निवडणुकीत मत देत असेल आणि तसा करार असेल, तरच. पेरू, कोलंबिया, चिली, एक्वादोर, नॉर्वे, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, ब्रेक्झिटनंतर ब्रिटन, असे मोजके देश २०२३ च्या यादीत होते. भारत नाही, आणि असणारही नाही, कारण भारतात मत फक्त भारतीय नागरिकाला.

मला हे लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं वाटतं. त्यांनी आपल्याकडे काय दिलं होतं? काही नाही? मग आपणही काही देऊ नका. दोन घरांच्या हिशोबात मधली मुलगी बिचारी तशीच उभी. माझ्या गल्लीतल्या दिव्यांचा आणि दिल्लीतल्या स्पॅनिश माणसाच्या मताचा संबंध काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि दिवे म्हटल्यावर कचराही आला. कचऱ्याला इथे 'बासुरा' म्हणतात. शब्द ऐकून वाटतं कृष्णाच्या हातात शोभावा. २०२५ मध्ये माद्रिदने नव्याने कचरापट्टी लावली. घराच्या सरकारी किमतीवर काही भाग, आणि तुमच्या वस्तीत कचरा किती निघतो, किती वेगळा होतो यावर काही भाग. म्हणजे माझ्या गल्लीने ओला-सुका नीट केला नाही तर बिलात मी पण भागीदार. जिना, रस्ता, कचरा या सगळ्यात मी बेथीनो, देयकावरही बेथीनो. फक्त पेटीपाशी पोचल्यावर परदेशी.

नाही म्हणायला एक झरोका आहे. २०१७ मध्ये प्लाझा दे एस्पान्या हा शहरातला मोठा चौक कसा नव्याने बांधायचा हे नगरपालिकेने लोकांना विचारलं, आणि तिथे अट एकच होती, वय १६ पूर्ण आणि पाद्रोनमध्ये नाव. पासपोर्ट कुठला ते नाही. ते मत मी दिलं. २०२१ च्या नोव्हेंबरात चौक उघडला तेव्हा मी पाहुण्यांना असा दाखवत फिरले जणू माझ्या वडिलांनीच बांधलाय. एका मताने माणूस शहराशी किती बांधला जातो हे मला त्या दिवशी कळलं.

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर घरून येतं. आपण तिथे पाहुणे, पाहुण्याने यजमानाच्या घरात तोंड घालू नये. मान्य, पण पाहुण्याकडून कोणी १५ वर्षं घरपट्टी घेत नाही. आणि पाहुण्याला कोणी सोसायटीचा अध्यक्षही करत नाही.

दुसरं उत्तर इथल्या बारमध्ये मिळतं. ज्यांना धड भाषा येत नाही ते काय मत देणार? याला माझं उत्तर सोपं आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांमध्ये वीस-वीस वर्षं राहून बिअर मागण्यापुरतं स्पॅनिश येणारे ब्रिटिश पेन्शनर आहेत. ते मत देतात, आणि द्यावंच. भाषेची अट त्यांना नाही तर ती मला नको.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे. एवढं वाटतं तर नागरिकत्व घे! घेता येतं. लॅटिन अमेरिकेच्या माणसाला दोन वर्षांत, मला दहा वर्षांनंतर, म्हणजे माझी मुदत केव्हाच भरली आहे. भाषेची परीक्षा, मग राज्यघटना आणि संस्कृतीवर २५ प्रश्न, १५ बरोबर आले की पास, मग राजाशी निष्ठेची शपथ. अभ्यास माझा झालेला आहे. पण त्या शपथेबरोबर भारतीय पासपोर्ट जातो, आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं नाहीत. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, मत देता येत नाही.

इथे मी अडते. भावुक होऊन नव्हे. माझी तक्रार प्रमाणाबद्दल आहे. मला स्पेनचं परराष्ट्र धोरण ठरवायचं नाही. सैन्यावर किती खर्च करावा ते मला विचारू नका. संसदेचं मत नागरिकाचं असावं हे मला पटतं. पण गल्लीत झाडं किती, बस किती वाजेपर्यंत, डबे कुठे, एवढ्यावर बोलण्यासाठी जन्माचं नागरिकत्व उतरवून ठेवायला सांगणं म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला येण्यासाठी आडनाव बदलायला सांगण्यासारखं आहे.

आणि गंमत म्हणजे स्पेनचा स्वतःचा कायदा माझ्याच बाजूने बोलतो. २०११ पासून परदेशी राहणारे स्पॅनिश नागरिक नगरपालिकेला मत देऊ शकत नाहीत, संसदेला देऊ शकतात. तर्क उघड आहे. गावचा कारभार गावात राहणाऱ्याने ठरवावा, पासपोर्टने नाही. अगदी बरोबर! मग तोच तर्क दुसऱ्या बाजूनेही चालवा ना. जो गेला त्याचं मत गेलं, तर जो आला त्याचं यायला नको? आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला कुठल्याही देशाचा रहिवासी मत देतो. स्वीडनने १९७६ मध्ये परदेशी रहिवाशांना मत दिलं, नेदरलँड्समध्ये पाच वर्षं राहिल्यावर मिळतं. डब्लिनमधला मराठी माणूस आपल्या वॉर्डाचा नगरसेवक निवडतो आणि आयर्लंड अजून जागेवर आहे.

आता आपल्या घराकडे वळते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांना नावं ठेवणं सोपं.

भारतात माझं मत आहे का? कागदावर आहे. २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला त्या केंद्रावर स्वतः हजर व्हायचं. विमानाचं तिकीट काढून. आणि महापालिकेचंच म्हणाल तर पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले सुप्रीम कोर्टात अडकलेले, मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. मुंबईतही तेच. म्हणजे जिथे मला मत नव्हतं तिथे नगरसेवक होते, आणि जिथे माझ्या घरच्यांना मत होतं तिथे नगरसेवकच नव्हते. घरी मी विचारलं, तुम्हाला काही फरक जाणवला का? उत्तर आलं, फोटो कमी झाले. हसले मी, पण हे हसण्यासारखं नाही. मत असून वापरायला न मिळण्याची आपल्याला इतकी सवय झाली की चार वर्षं गेली तरी कोणी ताट वाजवलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी लिहिल्यावर एक-दोन मामा आणि काका रागावतील, तरी लिहिते. आपल्या फॅमिली ग्रुपवर 'बाहेरचे लोक' हा विषय महिन्यातून दोनदा तरी येतो. बाहेरच्यांनी शहर बिघडवलं, बाहेरच्यांना मत कशाला. कायद्याने आपल्याकडे उत्तम सोय आहे. भारतीय माणूस जिथे राहतो तिथे मतदार होऊ शकतो, बिहारचा माणूस पुण्यात, पुण्याचा माणूस बंगळुरात. स्पेन मला जे देत नाही ते आपला कायदा त्याला देतो. पण आपली इमारत ज्याने बांधली, त्याचं नाव बहुतेक वेळा गावच्या यादीत असतं आणि तो राहतो इथे पत्र्याच्या खोलीत. त्याच्या खोलीसमोरच्या गटारासाठी तो कोणाकडे जाणार? कोणाचंच मत नाही म्हणून कोणीच तिकडे फिरकत नाही. मी माद्रिदमध्ये 'बाहेरची' आहे. फरक इतकाच की माझ्याकडे लिफ्ट आहे आणि पत्र लिहायला भाषा आहे. माझ्यासाठी तुम्हाला जे अन्यायाचं वाटतं ते त्याच्यासाठीही वाटू द्या, एवढंच म्हणणं आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मला मत नाही हे खरंच वाटेना. "पण तू तर अध्यक्ष होतीस!" त्या म्हणाल्या. मी त्यांना परस्परतेची अट, करार, यादी सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "हे सगळं कोणी ठरवलं?" म्हटलं, तुम्ही निवडून दिलेल्या लोकांनी. "मी फ्रँकोच्या काळात चाळिशी गाठली," त्या म्हणाल्या, "मला मत मिळालं तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. तू थांब जरा." स्पेनमध्ये फ्रँकोनंतरची पहिली मुक्त निवडणूक १९७७ मध्ये झाली आणि पहिली महापालिका निवडणूक १९७९ मध्ये. लोकशाही ही यथावकाश येणारी गोष्ट आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. तोपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज करायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही. करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, न करणाऱ्यांनाही नाही. पण मुळात ही निवड करायला लागू नये असं मला वाटतं. मला दोन देश नकोत, दोन पासपोर्ट नकोत. मला एक मत हवंय, जिथे राहते त्या गल्लीपुरतं, आणि ते माझ्या पाद्रोनच्या कागदावर मिळायला हवं. कायद्याने शेजारी म्हटलंय, तर शेजाऱ्याला निदान विचारा तरी.

असो. तुम्ही जिथे आहात तिथे काय सोय आहे? तुम्हाला मत आहे का, आणि असेल तर मागच्या वेळी दिलंत का? :) जरूर कळवा.